ठरलेला हप्ता आणि मागितलेला हप्ता



विमा उतरवणाऱ्या माणसाची एक तक्रार खेड्यापाड्यांतून हल्ली फार कानी येते. सही करताना एक आकडा सांगितला आणि पैसे घेताना दुसराच घेतला, अशी ती तक्रार. ती सांगणाऱ्याचा सूरही बहुधा ठरलेला असतो. "आपण पडलो अडाणी, त्यांनी साधला डाव!" आणि एवढे बोलून तो गृहस्थ दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर रागाच्या भरात विमाच सोडून देतो, नाही तर नशिबाला बोल लावून मुकाट्याने जादा पैसे भरत राहतो. दोहोंतही नुकसान त्याचेच. खरे पाहता, भाव वाढला एवढ्यावरून फसवणूक झाली की नाही हे ठरत नाही. करार झाला केव्हा, आणि तो किती मुदतीचा झाला, एवढ्या दोन प्रश्नांवर ते ठरते. आज या दोन प्रश्नांचाच विचार करू.

प्रथम असे उदाहरण घेतो की जे तुमच्यापैकी पुष्कळांच्या बँकेच्या पासबुकात लिहिलेले सापडेल. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना २०१५ साली सुरू झाली. दोन लाखांचा आयुर्विमा, आणि वर्षाचा हप्ता ३३० रुपये. बँकेत खाते असलेल्या १८ ते ५० वयाच्या माणसाने एका कागदावर सही करावयाची, की दरवर्षी पैसे आपोआप खात्यातून वळते व्हायचे. सात वर्षे हे असेच चालले. मग १ जून २०२२ पासून हप्ता ४३६ रुपये झाला आणि खात्यातून ३३० ऐवजी ४३६ गेले. १०६ रुपये जास्त! "आम्ही सही केली ती ३३० वर. मग ४३६ कोणाच्या हुकमाने कापले?" असा प्रश्न बँकांच्या खिडक्यांवर पुष्कळांनी विचारला असेल, आणि तो विचारणे गैर नव्हते.

उत्तर मात्र त्या सहीच्या कागदातच होते. खातेदाराने बँकेला जी संमती दिली, तिच्यात ३३० या आकड्यापुढेच "किंवा वेळोवेळी ठरेल ती रक्कम" अशा अर्थाचे शब्द छापलेले होते, आणि रक्कम बदलल्यास तसे कळवण्यात येईल असेही होते. दुसरे असे की, हा विमा एका वर्षाचाच असतो. १ जूनला सुरू होतो, ३१ मेला संपतो, आणि पुढच्या जूनला नवा करार होतो. शेत वर्षाच्या खंडाने कसायला घेतले, तर पुढच्या पाडव्याला मालक खंड वाढवून मागू शकतो. तो वाढवला म्हणजे मालकाने मागचा शब्द मोडला असे होत नाही. मागच्या वर्षाचा शब्द मागच्या वर्षाबरोबर संपला. ही वाढ का झाली, तेही सरकारने त्या वेळी सांगितले. ३१ मार्च २०२२ पर्यंत या योजनेत सुमारे ९,७३७ कोटी रुपये हप्त्यांपोटी गोळा झाले होते आणि दाव्यांपोटी १४,१४४ कोटी दिले गेले होते. आवक दहाची आणि जावक साडेचौदाची, असा संसार किती दिवस चालणार?

याच योजनेत आणखी एक घोटाळा होतो, तो निव्वळ गैरसमजाचा. मध्येच कोणी सामील झाला, तर त्याच्याकडून त्या वर्षाच्या उरलेल्या महिन्यांपुरतेच पैसे घेतात. सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये आला तर ३४२, डिसेंबर ते फेब्रुवारीत २२८, आणि मार्च ते मेमध्ये ११४ रुपये. आता समजा, एखादी बाई डिसेंबरात २२८ रुपये देऊन आली. मे महिन्याच्या अखेरीस तिच्या खात्यातून ४३६ गेले. "सहा महिन्यांत दर जवळजवळ दुप्पट केला हो!" असे तिला वाटणारच. पण दर तोच आहे. आधी अर्ध्या वर्षाचा घेतला, आता सबंध वर्षाचा घेतला. बँकेतल्या मनुष्याने सही घेतानाच हे दोन वाक्यांत सांगितले असते तर पुढची चिडचिड टळली असती. पण सही घेणाऱ्याला घाई असते आणि सही करणाऱ्याला संकोच असतो.

ही वाढ ज्याला नको असेल त्याने मे महिना संपण्यापूर्वी बँकेला लेखी कळवून आपली संमती काढून घ्यावी. तो त्याचा हक्क आहे. मात्र १०६ रुपये वाचवण्यासाठी तसे करून पुन्हा पुढे कधी सामील होऊ म्हटले, तर नव्याने आलेल्यास पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य कारणाच्या मृत्यूचे संरक्षण नसते, हेही हिशेबात धरावे.

आता दुसऱ्या जातीचा विमा पाहू. वीस वर्षे, पंचवीस वर्षे मुदतीची जी पॉलिसी आपण व्यक्तिशः घेतो, तिची गोष्ट अगदी निराळी आहे. तिथे करार एका वर्षाचा नसून सबंध मुदतीचा असतो. तिच्यात दरवर्षीचा हप्ता सारखा का असतो, याचा कधी विचार केला आहे? तिशीतल्या माणसापेक्षा पन्नाशीतल्या माणसाला मृत्यूचा धोका जास्त. तेव्हा न्यायाने हप्ता दरवर्षी वाढायला हवा. पण तसे केले तर म्हातारपणी, म्हणजे विमा खरोखर हवा असतो तेव्हाच, तो परवडेनासा होईल. म्हणून कंपनी सुरुवातीच्या वर्षांत गरजेपेक्षा थोडे जास्त घेते, ते बाजूला ठेवते आणि पुढच्या वर्षांची तूट त्यातून भरून काढते. सुगीत कणगी भरून ठेवायची आणि आषाढात तिच्यातले धान्य काढायचे, त्यातलाच हा प्रकार. तुम्ही पहिली दहा वर्षे कणगी भरलेली असते. म्हणून अकराव्या वर्षी कंपनीने "आता जमत नाही, हप्ता वाढवा" असे म्हटले, तर ते तिला म्हणता येत नाही. विमापत्रावर जो हप्ता छापला तो छापला. अपवाद एवढाच की, मुख्य विम्याला जोडून घेतलेल्या काही लाभांचा, उदाहरणार्थ गंभीर आजाराच्या लाभाचा, दर ठराविक वर्षांपुरताच बांधलेला असू शकतो. पण तसे असेल तर ते विमापत्रात लिहिलेले असावे लागते.

मग वाद होतो कुठे? तो बहुधा सही आणि विमापत्र यांच्या मधल्या दिवसांत होतो. हीच जागा मोठी निसरडी आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे दाबून सौदा होतो. इसार दिला की सौदा पक्का. मग बैलाचा धनी शब्द फिरवू लागला तर चारचौघे त्याच्या तोंडात शेण घालतात. आपली समजूत अशी असते की, विम्याच्या अर्जावर सही केली आणि पहिला हप्ता दिला म्हणजे इसार दिला. पण ते तसे नाही. तुमचा अर्ज म्हणजे तुम्ही कंपनीपुढे ठेवलेला प्रस्ताव. त्याबरोबर दिलेले पैसे ही नुसती ठेव. कंपनीने प्रस्ताव स्वीकारून तसे तुम्हाला कळवले म्हणजे करार झाला, त्याआधी नाही.

यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ सालचा निर्णय आहे. आंध्रातील एका गृहस्थाने २७ डिसेंबर १९६० रोजी आयुर्विमा महामंडळाकडे ५०,००० रुपयांच्या विम्याचा अर्ज दिला, डॉक्टरी तपासणी झाली, पहिल्या हप्त्याचे पैसेही दिले. १२ जानेवारी १९६१ रोजी ते वारले. पैसे महामंडळाकडे पोचले होते, पण प्रस्ताव स्वीकारल्याचे कळवलेले नव्हते. कुटुंबाने दावा केला आणि तंटा वरपर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले की, नुसते पैसे ठेवून घेणे म्हणजे स्वीकार नव्हे आणि मौन म्हणजे संमती नव्हे. कुटुंबाला विम्याची रक्कम मिळाली नाही. निकाल कठोर वाटतो. मलाही वाटतो. पण त्यातले तत्त्व दुधारी आहे, आणि त्याची दुसरी धार विमा घेणाऱ्याच्या उपयोगाची आहे, ती अशी:

समजा, तुम्ही वर्षाला ६,००० रुपये हप्ता धरून अर्ज केलात. तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला, किंवा तंबाखूचे व्यसन असल्याचे दिसले. कंपनी म्हणते, ७,२०० द्याल तर विमा देऊ. असे म्हणण्याचा तिला अधिकार आहे, कारण करार अजून झालेलाच नाही. पण हा आता तिचा प्रस्ताव झाला, आणि तो स्वीकारावयाचा की नाही हे तुमच्या हाती आले. तुमचे मौन हीही संमती नव्हे! तुम्ही नको म्हटले तर ठेव परत मिळावयास हवी. असे असता लोक फसतात कसे? विमा प्रतिनिधी एक कागद आणतो, "साहेबांची एक सही राहिली होती" म्हणतो, आणि ओट्यावर बसल्याबसल्या सही होऊन जाते. तो कागद म्हणजेच वाढीव हप्त्याला दिलेली संमती असते. मग पुढे तक्रार करायला गेले की कंपनी तोच कागद पुढे करते. तेव्हा अर्जानंतर जी कोणती सही मागितली जाईल, तिच्यावरचा मजकूर वाचून, आणि वाचता येत नसेल तर घरच्या शाळकरी पोराकडून वाचून घेऊनच, लेखणी हातात घ्यावी.

व्यसनाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. आपल्याकडे बायका मिश्री लावतात. अर्जात "तंबाखूचे सेवन करता काय?" असा प्रश्न असतो, त्याला उत्तर "नाही" असे बिनदिक्कत लिहिले जाते, कारण मिश्री म्हणजे आपल्या मते दात घासण्याची वस्तू. पण ती तंबाखूच आहे. ती लिहिल्याने हप्ता थोडा चढेल. लपवली आणि तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला, तर वारसांचा दावाच अडकू शकतो. या बाबतीतला जादा हप्ता अन्यायाचा नव्हे. अन्यायाचा जादा हप्ता कसा असतो, तेही या देशाने पाहिले आहे. इंग्रजी अमलात विलायती कंपन्या हिंदी माणसाला विमा द्यायला नाखूश असत, आणि दिला तर तो हिंदी आहे एवढ्याच कारणावरून जबर जादा हप्ता लावीत. १८७० साली मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने हिंदी माणसाला नेहमीच्या दराने विमा देऊन ती रीत मोडली.

आता शिक्षकमंडळींना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. हप्ता ठरतो वयावर, आणि खेड्यात वय ठरते शाळेच्या दाखल्यावर. आपल्याकडे किती लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको! आई म्हणे, पोरगा नदीला पूर आला त्या साली झाला. गुरुजींनी हिशेब करून १ जून लिहून टाकले आणि पोराला पहिलीत बसवले. त्या काळी तो उपकारच होता. पण त्याच माणसाच्या अर्जात प्रतिनिधीने अंदाजाने एक वय लिहिले आणि दाखल्यावर दुसरे निघाले, तर कंपनी वयाचा पुरावा केव्हाही मागू शकते आणि त्याप्रमाणे हप्ता बदलू शकते. विमा कायद्याच्या ४५व्या कलमात ही मुभा स्पष्ट ठेवलेली आहे. पॉलिसी हाती आल्यावर हप्ता बदलण्याचे हे एक कायदेशीर कारण. म्हणून अर्जाबरोबरच दाखल्याची नक्कल द्यावी आणि वय नोंदले गेल्याची खूण विमापत्रावर पाहून घ्यावी.

दुसऱ्या वर्षी हप्ता वाढल्यासारखा दिसण्याचे आणखी एक कारण आहे, ते लोक उघड बोलत नाहीत. प्रतिनिधी आपल्या दलालीतून पहिल्या हप्त्याचा काही भाग स्वतः भरतो. गिऱ्हाईक खूश. दुसऱ्या वर्षी पुरा हप्ता मागितला की ते म्हणते, भाव वाढवला! अशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही गोष्टी विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने मना आहेत. ज्याने ती घेतली, त्याला या बाबतीत तक्रार करायला तोंड उरत नाही.

करामुळेही आकडे हलत. बचतीच्या साध्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि पुढे सव्वादोन टक्के वस्तू व सेवा कर पडे. म्हणजे मूळ हप्ता १०,००० असेल, तर पहिल्या वर्षी १०,४५० आणि दुसऱ्या वर्षी १०,२२५ द्यावे लागत. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीने स्वतः घेतलेल्या आयुर्विम्यावर हा कर उरलेला नाही. त्या तारखेनंतर देय झालेल्या हप्त्याच्या पावतीत कर लावलेला दिसला, तर तो का, असे जरूर विचारावे.

एवढी सगळी कारणे तपासून पाहिली आणि त्यांतले एकही लागू पडत नाही असे दिसले, म्हणजे मग भांडावे. भांडावे ते लेखी.

पहिली संधी विमापत्र हाती पडल्यापासून ३० दिवसांची. ते मिळाले की तिजोरीत ठेवू नका, देवापुढेही ठेवू नका, आधी उघडा. त्यातला हप्ता, मुदत आणि विम्याची रक्कम हे तीन आकडे अर्जाच्या नकलेशी ताडून पाहा. जमत नसेल तर या ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. डॉक्टरी तपासणीचा खर्च, मुद्रांक आणि तेवढ्या दिवसांच्या संरक्षणाचा आकार वजा जाऊन बाकीचे पैसे परत मिळतात. पूर्वी ही मुदत साधारणतः १५ दिवसांची होती. २०२४च्या नियमांनी ती ३० केली. विमापत्र कोणत्या तारखेला मिळाले, हे त्याच्या मागे लिहून ठेवावे.

ही मुदत टळून गेली असेल तरी वाट बंद होत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहावे. फार भाषा करू नये. "माझ्या अमुक क्रमांकाच्या विमापत्रावर वार्षिक हप्ता इतका छापलेला आहे. आपण अमुक तारखेच्या पत्राने इतका मागितला आहे. ही वाढ विमापत्रातील कोणत्या कलमान्वये केली, ते लेखी कळवावे. वाढीस माझी संमती नाही." एवढी चार वाक्ये पुरे. शिव्या नकोत, गाऱ्हाणी नकोत. पत्राची नक्कल आणि पोच जपून ठेवावी. या चार वाक्यांत कलम विचारले आहे, तेच महत्त्वाचे; कारण कलम असेल तर ते दाखवावे लागते, आणि नसेल तर पुष्कळदा मागणीच मागे घ्यावी लागते.

वाद चालू असता हप्ता थांबवू नये, ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला १५ दिवसांची. ती उलटली की संरक्षण तुटण्याचा धोका. तेव्हा मागितलेला हप्ता तूर्त भरावा आणि "तक्रार कायम ठेवून भरत आहे" असे पत्राने कळवावे. शे-दोनशे रुपयांच्या मानापायी बायकापोरांवरचे छत्र काढून घेण्यात कसला पुरुषार्थ?

कंपनीने नकार दिला, किंवा महिनाभरात उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, ठाणे व पुणे येथे आहेत. २०१७च्या लोकपाल नियमांत कोणकोणत्या तक्रारी ऐकाव्यात याची यादी दिली आहे, तीत भरलेल्या वा भरावयाच्या हप्त्याबद्दलचा तंटा नाव घेऊन नोंदलेला आहे. अर्जाप्रमाणे विमापत्र न देणे हेही तिच्यात आहे. फी नाही, वकील नाही. तक्रार टपालाने पाठवता येते. ५० लाखांपर्यंतची भरपाई देण्याचा त्यांना अधिकार आहे. लोकपालांनी दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तक्रारदारावर मात्र नाही. तो पटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाचे दार त्याला उघडे असते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, तुम्हाला गावात आणखी एका सहीसाठी बोलावणे येते. अर्जदाराने अंगठा उठवला असेल, किंवा अर्ज त्याला न कळणाऱ्या भाषेत असेल, तर "मी मजकूर यास समजावून सांगितला" असे निवेदन अर्जाच्या शेवटी असते आणि त्याखाली तिऱ्हाईताची सही लागते. प्रतिनिधी चहा पाजतो आणि ही सही घेऊन जातो. पुढे हप्त्याचा तंटा उभा राहिला की त्या अडाणी माणसाविरुद्ध पहिला साक्षीदार ठरते ती तुमची सही. ती देण्यापूर्वी निदान हप्ता किती, किती वर्षे आणि शेवटी मिळणार काय, एवढे त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि त्याने ते आपल्या तोंडाने परत सांगितले तरच खाली नाव लिहावे.

लोकपालाकडे जायला मुदत एक वर्षाची आहे. कंपनीचे नकाराचे पत्र मिळाल्यापासून, आणि पत्रच आले नसेल तर तक्रारीनंतरचा महिना संपल्यापासून ती मोजतात. तेव्हा कंपनीचे पत्र आले की ज्या पाकिटातून ते आले ते पाकीटही पत्राला टाचून ठेवावे. त्यावर टपालाचा शिक्का असतो.